मोहटोल्याचा फिका पट्टा

१

मोहटोल्याची विहीर कोरडी निघाली तेव्हा कुणी पोलिसांना बोलावलं नव्हतं. पोलीस आले ते नंतर, ती कोरडी का निघाली हे बापूराव वैरागडे यांनी वर कळवलं तेव्हा.

आमच्या कंपनीत विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. जमिनीच्या पोटात तेल किंवा वायू आहे का हे पाहायला यंत्राने पाडलेलं खोल भोक, ती आमची विहीर. ती कुठे पाडायची हे सिस्मिक सर्व्हे सांगतो. एका सरळ रेषेत जमिनीत छोटे छोटे स्फोट करायचे आणि खालच्या थरांवरून येणारे प्रतिध्वनी टेपवर उतरवायचे. बापूराव त्या पथकाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की सर्व्हेच्या वेळी स्फोटांसाठी पाडलेल्या छोट्या भोकांत स्फोटकं पुरी भरलीच गेली नाहीत. म्हणून चित्र चुकलं, म्हणून विहीर फसली. आणि उरलेली स्फोटकं चोरीला गेली.

दोन हजार दोन साल, गोंडपिपरीच्या पुढचं रान, पलीकडे नदी ओलांडली की गडचिरोली. त्या मुलखात ‘स्फोटकं चोरीला गेली’ हे वाक्य कुणी चहाच्या टपरीवरसुद्धा उच्चारत नव्हतं. पोलिसांनी त्याच दिवशी स्फोट करणाऱ्या माणसाला, शॉट फायरर जलालुद्दीनला, चौकशीसाठी ठाण्यात नेऊन बसवलं.

मी धोटे, कंपनीच्या दक्षता विभागातला. नागपूरहून मला धाडलं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात आणि ते खरंच आहे, मला एका जागी बसून विचार करता येत नाही. जाताजाता ठाण्यात डोकावलो तर ठाणेदार सरळच म्हणाला, “उद्या दुपारपर्यंत तुमचं काय ते सांगा. नाहीतर मी गुन्हा दाखल करतो. मग तो माणूस कधी सुटेल हे मीही सांगू शकणार नाही.”

कॅम्पच्या फाटकाशी एक बाई डबा घेऊन उभी होती. जलालुद्दीनची बायको खुर्शीदा.

“सायेब, ठाण्यातून डबा वापस येऊन राह्यला,” ती म्हणाली. “ते खातच नाईत. माह्या मानसानं माचिसची काडी बी कोनाची आनली नाई कधी. तुमीच सांगा, ते कायले बारूद चोरतीन?”

मी नुसता आत गेलो आणि स्वतःवरच चिडलो.

२

बापूरावांचा तंबू टापटीप होता. निवृत्तीला आलेले, गोरे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी टेबलावर सर्व्हेचं चित्र पसरलं. जमीन सुरीने उभी कापावी तसे त्यात थर दिसत होते, काळ्या ठळक रेघांचे. मध्ये एका जागी मात्र त्या रेघा पुसट झाल्या होत्या.

“हा फिका पट्टा,” ते म्हणाले. “वाळूच्या खडकात वायू भरलेला असला की प्रतिध्वनी मंदावतो. आम्हाला वाटलं, सापडलं घबाड. विहीर नेमकी इथे पाडली.”

“आणि?”

“आणि विहिरीत उतरवलेल्या यंत्रांची नोंद आली, ज्याला लॉग म्हणतात. त्यात वायूचा मागमूस नाही. खडक गच्च. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की प्रतिध्वनी मंद झाला तो खडकामुळे नव्हे, धक्काच कमी होता म्हणून. माझा विश्वासघात झाला, धोटे.”

“त्याआधी लक्षात नाही आलं?”

“कसं येणार? लॉग आल्याशिवाय कोण सांगणार?”

मी चित्राभोवती फेऱ्या मारत होतो. चित्राची वरची कड मला खटकली. थर जमिनीपासून सुरू व्हायला हवेत, इथे ते बरेच खालून सुरू होत होते.

“वरचा भाग कुठे आहे?”

“वर नुसता गाळ-माती. कुणी पाहत नाही ते. बसा ना तुम्ही, मला गरगरायला लागलंय.”

मी बसलो नाही. रेषेच्या अगदी शेवटी, टेकडीकडच्या बाजूला, शेवटच्या स्फोटाची जागा कोरी होती. त्याबद्दल विचारलं तर त्यांनी हात झटकला. “रेकॉर्डिंगच्या गाडीची बॅटरी उतरली होती. गाडीवरच्या स्वप्निलला विचारा. मी त्या टोकाकडे कधी फिरकलोही नाही.”

३

लॉग वाचणारी मुलगी रोशनी मेश्राम, ब्रह्मपुरीची. तिच्या तंबूत संगणकाचा पंखा घरघरत होता आणि ती स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत होती.

“बापूराव सर खोटं नाई बोलत,” तिने पहिल्याच वाक्यात माझी आशा मोडली. “हे पाहा. एक यंत्र सांगते, आवाज खडकातून किती जोरात पळते. दुसरं सांगते, खडक किती जड आहे. दोन्ही मिळवलं का मले कागदावरच काढता येते, इथून प्रतिध्वनी कसा यायला पाहिजे. माझ्या हिशेबानं इथी ठळक रेघ पाहिजे. सर्व्हेत फिकी आहे.”

“म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय.”

“लॉग मी दोनदा तपासला. खोट सर्व्हेत आहे. तिथले स्फोट खरंच कमजोर होते.”

म्हणजे बापूराव बरोबर. मी बाहेर पडलो आणि नुसता चालत सुटलो, रेषेच्या बाजूने, टेकडीच्या टोकापर्यंत. ऊन डोक्यावर आलं होतं. मोहाची फुलं संपून टोळ, म्हणजे फळं, धरली होती आणि पायाखाली पाला कुरकुरत होता. मला दर दहा पावलांवर वाटत होतं की मी इथे चालण्याऐवजी दुसरं काहीतरी करायला हवं, आणि ते काय हे कळत नव्हतं.

टोकाशी एक घर होतं. मातीचं, कवेलूच्या छपराचं, पण त्याची एक भिंत मात्र सिमेंटची, अजून राखाडी, चुना न लावलेली. घराच्या खालच्या उतारावर गोल खोलगट खड्डा होता आणि त्यात म्हशी लोळत होत्या. केसरबाई नावाच्या म्हातारीने मला लोटाभर पाणी दिलं.

“कंपनीचे होय जी? बसा. लय भले लोक हायेत तुमचे,” ती म्हणाली.

हे त्या दिवसात ऐकलेलं पहिलं बरं वाक्य होतं. मी ते तोंडदेखलं समजलो. सरकारी घरकुलाचा हप्ता आला असेल असं भिंतीकडे पाहून मनात म्हटलं, आणि घाईने निघालो.

४

ठाण्यात जलालुद्दीन बाकावर बसला होता. पन्नाशीचा, दाढी पिकलेली, बोटं सुबक. बारूद हाताळणाऱ्याची दहाही बोटं शाबूत असली की तो माणूस काळजीचा, असं आमच्यात म्हणतात. त्याची शाबूत होती.

“जलालुद्दीनभाऊ, स्फोट कमजोर होते. यंत्रच सांगतं. तुम्ही भोकात माल कमी भरला का?”

त्याने मान खाली घातली.

“भरला असेल कमी तर उरलेला कुठे गेला?”

“जमिनीत गेला, सायेब.”

“म्हणजे पुरला?”

एवढा वेळ खाली असलेली त्याची मान एकदम वर आली. “पुरला? बारूद कोनी पुरते का? कोन्या लेकराच्या हाती लागली तं? माह्या उस्तादनं शिकवलं व्हतं, पेटीतून निकलला माल पेटीत जाते नाई तं जमिनीत फुटते. तिसरा रस्ता नाई. माल जमिनीत गेला, बस्स. ह्याच्यापुढं मी काई नाई बोलत.”

“काऊन? उद्या दुपारी तुमच्यावर केस होते आहे!”

“माह्यावर व्हते ना? मंग होऊ द्या. अजून कोनावर नाई व्हत, हेच पुरे.”

ठाण्याच्या पायरीवर मी उभा राहिलो. अजून कोणावर? हा माणूस कुणालातरी पाठीशी घालत होता, आणि ज्याला घालत होता त्याला हे ठाऊक तरी होतं का?

५

सकाळी मी सर्व्हेचा नकाशा घेतला आणि फिका पट्टा जिथे पडतो तिथे जाऊन उभा राहिलो. समोर मोहटोल्याचा तलाव. नकाशात तो रेषेपासून चांगला लांब होता. प्रत्यक्षातही लांबच होता, पाणी पार आटून मध्यावर गेलं होतं. काठच्या चिखलात काही बायका हाताने मासोळ्या चाचपत होत्या. त्यांच्यातल्या सोनीबाईला मी विचारलं, पाणी नेहमी इथंच असतं का?

ती हसली. “चैतात इथीच राह्यते. दिवाईच्या टायमाले तुमी जिथी उभे हा ना, तिथी कमरभर पानी राह्यते जी.”

माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. नागपुरात बसून आखलेली रेषा उन्हाळ्यातल्या नकाशावर आखली होती, आणि सर्व्हे झाला होता दिवाळीनंतर. स्फोट तलावाला लागूनच, भरल्या पाण्याच्या काठावर झाले होते.

“सोनीबाई, तेव्हा मासोळ्या मेल्या असतील.”

तिचा चेहरा मिटला. ती इकडे तिकडे पाहू लागली. बाकीच्या बायकाही थांबल्या.

“मी पोलीस नाही,” मी म्हणालो. “जलालुद्दीनभाऊ ठाण्यात आहे. दुपारी त्याच्यावर केस होईल. त्याने बारूद चोरली म्हणतात.”

“चोरली?” सोनीबाई चिखलातून ताडकन उठली. “कोन म्हन्ते? अवो, पयल्या धमाक्यातच मासोळ्या पांढऱ्या पोटानं वर आल्या. आमी धीवर लोक, नुकतंच मासोळीचं बीज सोडलं व्हतं. साऱ्या बाया काठावर रडत बसल्या. त्या भाऊनं पायलं. त्यानं तुमच्या मोठ्या सायबाले फोनवर लय म्हनलं, रेषा हालवा म्हनून.”

“वायरलेसवर?”

“तेच असन. सायेब नाई म्हने. मंग भाऊ आमाले म्हने, बाई, मी आवाज बारीक करतो, तुमी कोनाले सांगू नोका. बारूद उरली असं कोनाले समजलं तं पोलीस तुमच्याच गावात घुसतीन.”

म्हणून तो गप्प होता. बारुदीच्या एका पोत्याचं नाव गावावर पडलं की गावच्या गाव झाडून काढतात, हे या भागात शेंबड्या पोराला कळतं. त्याने माल कमी भरला तो मासोळ्यांसाठी, आणि तोंड मिटलं ते यांच्यासाठी. मला त्याचा राग आला. चांगल्या माणसांना स्वतःचा बचाव का करता येत नाही?

“मग उरलेली बारूद?”

“ते आमाले नाई ठाऊक जी. पन त्याच दिवशी, दिवस बुडायच्या आंधी, टेकडीकडून एक असा धमाका झाला का आमच्या चुलीवरची भांडी पडली.”

मी पळत सुटलो. माझ्या वयाच्या माणसाने पळू नये, पण मला ती सिमेंटची भिंत आठवली होती.

सरकार देतं तेव्हा चार भिंती देतं, नाहीतर एकही देत नाही. एकच भिंत कोण बांधून देतो?

६

केसरबाईकडून परतलो तेव्हा ऊन तापलं होतं. रेकॉर्डिंगच्या गाडीत स्वप्निल गेडाम वायरी गुंडाळत होता. पंचविशीतला, चिमूरकडचा.

“त्या दिवशी बॅटरी उतरली नव्हती,” मी दारात उभा राहून म्हणालो.

त्याने वायर खाली ठेवली नाही, पण गुंडाळायची थांबवली.

“शेवटचा स्फोट टेपवर आहे ना?”

“सर, मी कंत्राटी आहे.”

“जलालुद्दीन तुला रोज चहा पाजायचा, फाटकावरचा शिपाई सांगत होता.”

स्वप्निलचे डोळे भरले. मला हे करायला आवडलं नाही, पण घड्याळ पळत होतं.

“आहे, सर. काटा पार टोकाले जाऊन धडकला होता. मी तेव्हाच बापूराव सरांना सांगितलं, तलावाकडचे सगळे बारीक आले अन् हा एक असा. ते म्हणाले, शेवटचा काढून टाक, बॅटरी उतरली म्हण. नागपूरले पाठवलेल्या टेपमध्ये नाही तो. मूळ टेप इथीच आहे.”

“तेव्हाच सांगितलंस? विहीर पाडायच्या आधी?”

“त्याच संध्याकाळी, सर.”

मी टेप घेऊन रोशनीकडे धावलो आणि तिला एकच प्रश्न विचारला. तिने पुठ्ठा खाली ठेवला.

“काढता येईन,” ती म्हणाली. “पन मले थोडा वेळ द्या, अन् देवाच्यान माह्या मागं येरझाऱ्या नोका घालू.”

७

दुपारी ठाणेदार कॅम्पवर आला तेव्हा त्याच्या हातात कागद तयार होते. बापूरावांच्या तंबूत आम्ही पाचजण दाटीने उभे राहिलो.

“चोरी झालेली नाही,” मी म्हणालो.

“मग माल कुठे आहे?” ठाणेदार.

“फुटला. त्याच दिवशी, त्याच रेषेवर. तलावाजवळच्या भोकांत जलालुद्दीनने माल कमी भरला, मासोळ्या वाचवायला. उरलेला परत केला असता तर कमी का भरला हे विचारलं गेलं असतं, आणि तीच भोकं पुन्हा पुरी भरून उडवायला लावली असती. घरी न्यावा, पुरावा, असा तो माणूस नाही. त्याने सगळा माल शेवटच्या भोकात, टेकडीपाशी, एकदम उडवला. नियमाविरुद्ध केलं. पण चोरी नाही.”

“हे तो सांगतो?”

“तो काहीच सांगत नाही. ही सांगते.”

रोशनीने दोन चित्रं टेबलावर ठेवली. “लॉगमुळे इथला खडक कसा आहे ते मले माहीत आहे. तर नेहमीच्या स्फोटाचा प्रतिध्वनी किती यायला पाहिजे, ते काढता येते. तलावाकडचे स्फोट किती कमी पडले, ते या चित्रात आहे. आणि हा शेवटचा. याचे वरचे ठोके इतके मोठे की यंत्रात मावलेच नाहीत, कापले गेले. पण फार खोलातून आलेले ठोके शाबूत आहेत. त्यावरून हा किती जास्त होता ते मोजलं. तिकडं जेवढं घटलं, जवळजवळ तेवढंच इकडं वाढलं. तंतोतंत नाई म्हणत मी. पण चोरीले जागा उरत नाई.”

ठाणेदाराने दोन्ही चित्रं जवळ ओढली. त्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. “आणि प्रत्यक्ष पुरावा?”

“टेकडीखाली चला, म्हशी लोळतात तो खड्डा दाखवतो. त्या धक्क्याने केसरबाईची एक भिंत पडली. तिने तक्रार केली असती तर त्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं. पण कोरपन्याहून सिमेंट आलं आणि भिंत उभी राहिली. म्हातारी त्या साहेबाला अजून दुवा देते. गोरा आहे म्हणते, हळू बोलतो म्हणते. बापूराव, तुम्ही त्या टोकाकडे कधी फिरकला नव्हता ना?”

बापूराव खुर्चीत बसले.

“स्वप्निलने तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “धक्का कमी असेल तर चित्र जमिनीपासूनच फिकं येतं. आवाजच बारीक असेल तर तो वरच्या थरांतही बारीकच ऐकू येणार. वायूने मंदावला असता तर वरच्या थरांत ठळक आणि फक्त खालीच फिका दिसला असता. म्हणून तुम्ही चित्राचा वरचा भाग कापला. ते कापलेलं चित्र विहिरीच्या प्रस्तावाला जोडलंत. तेव्हा लॉग आलाच नव्हता. म्हणजे फिका पट्टा खोटा आहे हे तुम्हाला विहीर पाडायच्या आधीच माहीत होतं. विहीर फसल्यावर मात्र वड्याचं तेल वांग्यावर काढलंत.”

मग बापूराव नेहमीसारखेच हळू म्हणाले, “वायू असेलही असं वाटलं होतं मला. खरंच वाटलं होतं. आयुष्यभर मी इतरांसाठी नकाशे काढले, धोटे. माझ्या नावावर एकही विहीर नाही. जाण्याआधी एक हवी होती.”

“आणि जलालुद्दीन?”

“त्याला सोडतील असं वाटलं. मुळात त्याच्याकडे काही सापडणारच नव्हतं.”

“या जिल्ह्यात?” ठाणेदारानेच विचारलं, आणि हातातल्या कागदांची घडी घातली.

८

जलालुद्दीनला संध्याकाळच्या आत सोडलं. खुर्शीदा ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली डबा घेऊन बसली होती. शेजारी सोनीबाई. ती मोहटोल्याहून पायी आली होती आणि तिचं लुगडं अजून चिखलाने कडक झालेलं होतं.

“गावाचं नाव निंगालं का, सायेब?” जलालुद्दीनने पहिला प्रश्न मला हा विचारला.

“नाही. मोहटोल्यात कुणी जाणार नाही.”

“मंग ठीक हाये.” त्याने हात धुतले आणि खाली बसला. खुर्शीदाने डब्याचं झाकण काढलं. आत भात होता आणि वर रस्सा, लालभडक, त्यात तळव्याएवढे मासोळीचे तुकडे.

“माह्याच तलावातली हाये भाऊ,” सोनीबाई म्हणाली. “तवाची. आता मोठी झाली.”

तो त्या तुकड्यांकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेचना, दाढी हलायला लागली, डोळ्यातून पाणी यायला लागलं.

“वा गे बाई! जिच्यापायी अंदर गेलो, तेच मले जेवू घालून राह्यली काय?”

खुर्शीदा पदराआड रडत होती आणि हसतही होती. सोनीबाईने त्याच्या पुढ्यात अजून एक तुकडा सरकवला. त्याने भात कालवला, पहिला घास मोठा घेतला, आणि काटा बोटाने काढून अलगद बाजूला ठेवला.

माझ्या खिशात अहवाल होता. एका भोकात ठरल्यापेक्षा जास्त माल उडवला, म्हणून त्याचा शॉट फायररचा परवाना कायमचा जाणार होता, आणि ते वाक्य मलाच लिहावं लागलं होतं. मी कडुनिंबाभोवती चकरा मारत राहिलो. परवान्याचं मी त्याला जेवण झाल्यावर सांगितलं.